तारांकित काकाजी

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं असेल तर ते दिवाकरराव काकाजींचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईवडिलांनी मला शिकवलं, पण शिकलेल्या माणसानं कसं वागायचं हे काकाजींनी शिकवलं. ते एका खासदारांचे स्वीय सहायक होते. मतदारसंघ शेजारच्या जिल्ह्यातला, पण साहेबांचं घर नागपुरात. त्यांचं संपर्क कार्यालय तिथल्याच सक्करदऱ्याला होतं आणि तिथे कोणी काही विचारलं की काकाजी चष्मा कपाळावर सरकवून आधी उलट विचारायचे, "तारांकित का अतारांकित?"

संसदेत तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर खासदाराला पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकिताला नुसता उत्तराचा कागद मिळतो. काकाजींच्या मते जगातले सगळे प्रश्न या दोन जातींत बसत. पोरगा चहा घेऊन आला की म्हणायचे, "अतारांकित. ठेव पटलावर." एखादी बाई पोरीचं सासर कसं आहे ते सांगायला आली की मात्र खुर्ची पुढे ओढायचे. "हा तारांकित हाय. बसा. यावर पुरवणी होईन." माघारी आम्ही त्यांना तारांकित काकाजीच म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

मी रामटेकच्या शाळेत शिकलेला. नोकरीसाठी लिहून नेलेल्या अर्जात शेवटी 'आपला अत्यंत नम्र व आज्ञाधारक' असं लिहिलं होतं. काकाजींनी ते लाल पेनानं खोडलं. "काय गा गजू, नोकरी मागून राहिला का माफी?" त्याच दिवशी मला टेबल मिळालं. पुढे एम.ए.चा फॉर्मही त्यांनीच भरायला लावला आणि परीक्षेच्या महिन्यात माझी कामं स्वतः केली.

दिल्लीला पाठवायचे प्रश्न ते मला लिहायला देत आणि परत करत तेव्हा अर्धा कागद लाल झालेला असे. 'अतिशय', 'भीषण', 'अत्यंत गंभीर' असे शब्द ते तांदळातले खडे निवडावेत तसे काढून टाकत. "प्रश्नात रडाचं नाही. किती, कुठं, कवापासून, एवढंच विचाराचं. रडणं पुरवणीत." साहेबांच्या प्रत्येक अधिवेशनाची त्यांनी एक निळी वही ठेवली होती. कोणत्या दिवशी कोणता प्रश्न, कोणत्या विधेयकावर साहेबांनी काय मत दिलं, सगळं तारखेनिशी. त्या वह्यांत मतांचे रकाने बहुतेक रिकामेच होते. मी कारण विचारलं.

"आवाजी मतदान हाय बापा," ते म्हणाले. "सगळे 'हो' म्हणतात, अध्यक्ष म्हणतात मंजूर. कोण बोललं, कोण गप होता, कोण कँटीनमध्ये समोसा खात होता, काहीच लिहिल्या जात नाही. कोणी उठून डिव्हिजन मागितलं तरच नावावर मत चढते."

ऑफिसातही ते डिव्हिजन मागत. दुपारी सगळे एका सुरात "तर्री-पोहे!" म्हणाले की काकाजी हात वर करत. "नाव सांगून बोला. मंग अ‍ॅसिडिटी कोणाच्या नावावर टाकू?" सगळे हसायचे. मीही हसायचो. माणूस एकटा उभा राहून नावानिशी बोलतो तेव्हा ते त्याला केवढ्याला पडतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आमच्या मतदारसंघात महामार्गानं दोन तुकडे केलेलं एक गाव होतं. घरं एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. रुंदीकरण झाल्यापासून गाड्या सुसाट जायच्या आणि दोन लेकरं त्या रस्त्यावर दगावली होती. सरपंच सुमनबाई भुयारी मार्गाची मागणी घेऊन किती वेळा आल्या असतील याची मोजदाद नाही. काकाजी प्रत्येक अधिवेशनात तो प्रश्न पाठवायचे. कोणता प्रश्न तोंडी घ्यायचा हे सोडतीवर ठरतं आणि सोडतीत आमचा नंबर लागत नसे. अखेर एका अधिवेशनात तो तारांकित लागला, तोही यादीत तिसरा. काकाजींनी पुरवणी प्रश्न स्वतः लिहून साहेबांना धाडला. दोनच वाक्यं होती. 'शाळा रस्त्यापलीकडे आहे. लेकरांनी रस्ता ओलांडायचा कसा?'

त्या दिवशी सुमनबाई आणि गावातली चार माणसं डबे घेऊन ऑफिसात आली. टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या. काकाजींनी धुतलेला सदरा घातला होता. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. अध्यक्षांनी साहेबांचं नाव पुकारलं. परत एकदा पुकारलं. पडद्यावर रिकामा बाक दिसला.

"बाथरूमले गेले असन का वं?" सुमनबाईंनी शेजारच्या बाईला हळूच विचारलं.

तोवर चौथा प्रश्न सुरू झाला होता. काकाजी उभे होते. नेटवर्क गेलं, काहीतरी गडबड झाली, असं काहीही त्यांना सांगता आलं असतं. ते म्हणाले, "बाई, साहेब तिथं नाहीत." डबे कोणी उघडले नाहीत.

साहेब सकाळी हजेरीची सही करून एका मित्राच्या घरच्या साखरपुड्याला गेले होते. त्यामुळे हजेरीपटावर त्या दिवशी ते हजर होते. प्रश्नही त्यांच्या नावावर लागला. 'भुयारी मार्ग शक्य नाही' हे मंत्र्यांचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं गेलं. वरवर बघणाऱ्याला कागदावर सगळं नीट होतं.

निवडणूक जवळ आली तेव्हा साहेबांच्या कामगिरीची पुस्तिका छापायला घेतली. ती नेहमी काकाजी लिहीत. या वेळी त्यांनी त्या प्रश्नापुढे लिहिलं, 'खासदार सभागृहात नसल्याने पुरवणी प्रश्न विचारता आला नाही.' ऑफिसचं काम बघणारा साहेबांचा भाचा ते वाचून उखडला.

"काकाजी, हे कोणी छापते का? काढा हे."

"काढतो. मंग त्या बाईले जाऊन सांग, का टीव्हीवरचा रिकामा बाक तुहा भास होता म्हणून."

भाच्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. काकाजी माझ्याकडे बघत होते. माझी नोकरी कच्ची होती आणि आईनं गावभर सांगितलं होतं की पोरगा खासदाराच्या ऑफिसात आहे. मी पेन उचललं. लिहिलं, 'महामार्गाखालील भुयारी मार्गाचा प्रश्न संसदेत जोरदारपणे मांडला.'

वाक्य बदलायला मला सांगितलं होतं. 'जोरदारपणे' कोणीही सांगितलं नव्हतं.

पुस्तिका छापून आली. काकाजींनी ते पान काढलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "हा तुहा शब्द हाय, गजू. साहेबाच्या लोकायले एवढी मराठी येत नाही." आवाज चढला नव्हता. निळ्या वह्या त्यांनी पिशवीत भरल्या, पाण्याची बाटली घेतली आणि निघाले. दारापर्यंत जाऊन "येतो" म्हणायचं असतं, तेही म्हणाले नाहीत.

काकाजी परत ऑफिसात आले नाहीत. मी तिथे आणखी दीड वर्ष होतो. त्या काळात सुमनबाई एकदाच आल्या. महामार्गाच्या कार्यालयात अधिकाऱ्यानं त्यांच्यापुढे आमचीच पुस्तिका ठेवली होती. तुमच्या खासदारानं एवढ्या जोरात विषय मांडला, मंत्र्यांचं उत्तर आलं, आता विषय संपला, असं तो म्हणाला. सुमनबाई मला म्हणाल्या, "आमी त काहीच आयकलं नव्हतं गा त्या दिवशी. जोरात कवा बोलले?" मी फाइल शोधायच्या निमित्तानं आत गेलो.

पुढे मी परीक्षा पास झालो, सरकारी नोकरीत लागलो. मुलाखतीत नीट बोलता आलं ते काकाजींमुळे. त्यांना पेढे द्यायला मात्र गेलो नाही. त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, मनीषनगरला मुलीकडे असतात, हे मला इतरांकडून कळलं. माझा ऑफिसचा रस्ता त्या इमारतीवरूनच जातो. चार वर्षं मी तिथून रोज गेलो आणि रोज दुसरीकडे बघितलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांना पत्र लिहिलं. ते पोचल्यावर तीन आठवड्यांनी काकाजी गेले. मी बसायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीला विचारलं, पत्र त्यांना समजलं का. ती म्हणाली, "मी वाचून दाखवलं, दादा. त्यांनी मान डोलावली. पण शेवटी शेवटी ते सगळ्यालाच मान डोलवायचे."

ते पत्र असं होतं.

*आदरणीय काकाजी,*

*साष्टांग नमस्कार. एवढ्या वर्षांत आलो नाही, त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे.*

*गेल्या रविवारी मी त्या गावाला गेलो होतो. ग्रामसभा होती. संसदेच्या कामकाजाचं ते पान छापून नेलं होतं. त्यात आपल्या प्रश्नाखाली साहेबांच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहिलेलं मी सगळ्यांना वाचून दाखवलं. पुस्तिकेतलं वाक्य मी लिहिलं, हेही उभं राहून सांगितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग तवाच काहून नाही सांगितलं?" सुमनबाई आता सरपंच नाहीत. त्या म्हणाल्या, "बसा, चहा घ्या." त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.*

*नवा अर्ज लिहून दिला आहे. जुनं उत्तर बदलायला भाग पाडणं कठीण आहे, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. खोटी आशा दिलेली तुम्हाला चालली नसती.*

*भुयारी मार्ग अजून झालेला नाही. शाळा सुटायच्या वेळेला सुमनबाई स्वतः लाल फडकं घेऊन रस्त्यावर उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्यासोबत उभा राहिलो. लेकरं एकमेकांचा हात धरून थांबली होती. काकाजी, ट्रक लवकर थांबत नाहीत.*

*तुमचा,*
*गजानन*