टपावरचा फोटो

गोंदियाहून सकाळच्या गाडीने बालाघाटला उतरलो तेव्हा फलाटावर सुखदेवकाका माझ्या नावाची पाटी धरून उभे होते. पाटी म्हणजे सायकलच्या ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा. माझ्या ऑफिसातल्या मेश्रामचे हे काका. भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरी संपवून आता खाण कॉलनीच्या रस्त्यावर सायकलदुरुस्तीचं दुकान चालवतात. नाशिकचे साहेब जंगल बघायला येताहेत, असं पुतण्याने कळवलं होतं. काकांनी माझ्यासाठी दुकान बंद ठेवलं.

घरी काकूंनी चिन्नोरचा (इकडचा बारीक, वासाचा तांदूळ) भात, भाजीचं वरण आणि लाल मिरचीचा ठेचा वाढला. वास आधी आला, ताट मागून. मी दोनदा भात घेतला, तरी काकू म्हणाल्याच, "घ्या न भाऊ, लाजू नका. आपलंच घर समजा." समजलो. पुढे जे केलं ते आपलंच घर समजून केलं, हीच तर पंचाईत आहे.

दुसऱ्या दिवशी बिरसा गावचा बाजार होता. बैहरपर्यंत आम्ही बसने गेलो. पुढे जीप. बाजाराच्या दिवशी या जीपची एक रीत असते: बायका, म्हातारे आणि पाव्हणे आत, तरणे पुरुष टपावर, टोपल्या-कोंबड्या जमेल तिथे. वर कोणी मजेसाठी बसत नाही. दुपारपर्यंत दुसरी जीप नाही म्हणून बसतात. जीपवाल्याने माझ्यासाठी खिडकीची जागा राखली होती. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे! म्हटलं, मी वर बसणार.

"ऊपर मत बैठो साहब, भीतर जगह है," जीपवाला म्हणाला.

"अरे, कुछ नहीं होता," मी म्हणालो. घरी मुलगी हेल्मेट विसरली तर गाडीची किल्ली लपवून ठेवणारा माणूस मी! पण तिथे मला सुरक्षितपणा नको होता, अनुभव हवा होता. परत जाऊन सांगायला काहीतरी हवं ना.

काका आत बसले होते. त्यांचा एक पाय चढताना दुखतो, हे मी सकाळीच पाहिलं होतं. ते खाली उतरले आणि शिडीला हात घातला.

"काका, तुम्ही कशाला? बसा ना आत."

"पाव्हणा वर अन् मी आत? असं कसं होईन?" ते म्हणाले. "लोकं काय म्हणतीन मले?"

मी त्यांना थांबवायला हवं होतं. निदान स्वतः खाली यायला हवं होतं. त्यांना वर यायला हात दिला, तेवढा मोठेपणा मात्र केला.

वरून जंगल खरंच सुंदर दिसत होतं. दोन्ही बाजूंनी सरई (सालाची झाडं), मध्ये बांबूची बेटं, ओल्या पानांचा वास. टपावरच्यांचीही एक रीत होती. सगळ्यात पुढे बसलेला माणूस फांदी दिसली की ओरडायचा, "डार!" (फांदी), आणि सगळे वर न बघता गुडघ्यात डोकं घालायचे. बाजारकरी बोलता बोलता वाकत आणि वाकल्या वाकल्याच बोलणं पुढे चालू ठेवत. काकांनी मला नीट समजावलं. "आवाज आला का वाकाचं. पाहाचं नाही. पाहलं तं गेला."

दोन-तीनदा मी वाकलो. मग धीट झालो. मोबाइल काढला, गुडघ्यांवर उभा राहिलो, हात उंच केला आणि स्वतःचा फोटो घेऊ लागलो. काकांनी मागून माझा पट्टा घट्ट धरला.

"बसा न भाऊ, वळण आहे," ते म्हणाले.

"एकच, काका, एकच." मी बटण दाबलं.

"डार!" पुढून आवाज आला. आणि मी वर बघितलं.

काकांनी पट्टा सोडला आणि त्याच हाताने माझं डोकं खाली दाबलं. फांदी माझ्या डोक्यावर बसायची ती त्यांच्या मनगटावर बसली. त्यांच्या तोंडून फक्त "आई वं" एवढंच निघालं. उजवा हात मनगटापासून पुढे भलताच वळलेला दिसत होता.

बिरशाला जीप थांबली तशी माणसं जमली. एक म्हातारी जीपवाल्यावर तुटून पडली, "काहून बसवलं रे म्हाताऱ्याले वर? जीव घेतं का?" जीपवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. आजही ते आठवलं की कोणीतरी थोबाडीत मारावी असं वाटतं.

बोलले ते काकाच. "त्याले काहून बोलता? मलेच हौस आलती."

दवाखान्यात प्लास्टर घालून संध्याकाळी भरवेलीला परतलो. काकूंनी दारातच विचारलं, "तुमाले तं नाही न लागलं, भाऊ?" मग आधी मला वाढलं, आणि नंतर काकांना हाताने भरवायला बसल्या. मनगटाच्या हाडाचा तुकडा सरकला आहे, मूठ वळेल की नाही ते नंतर कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सायकलवाल्याची मूठ!

तरी लाजेची खरी गोष्ट पुढेच आहे. परतीच्या गाडीत मी तो फोटो उघडला. फार झकास आला होता. फक्त खालच्या कोपऱ्यात माझा पट्टा धरलेला एक सुरकुतलेला हात होता. मी तेवढा भाग कापला आणि "मोकळं आकाश, मोकळा मी" असं लिहून फोटो सगळ्यांना दाखवला. लोकांनी विचारलं, भीती नाही वाटली का रे? मी म्हटलं, छे!

दीड-दोन महिन्यांनी काकांचा फोन आला.

"प्लास्टर काढलं, भाऊ. पाना धरता येऊन नाही राह्यला अजून. येईन हळूहळू." दुकान उघडलं का, हे मी विचारू शकलो नाही. तेच म्हणाले, "त्या दिवशीचा फोटो असन न तुमच्यापाशी? नातीले दाखवाचा आहे, जीपवर बसलतो म्हणून."

मी आधी तो कापलेला फोटो सगळीकडून काढून टाकला. मग त्यांना अख्खा पाठवला. सोबत एवढंच लिहिलं: चूक माझी होती, मी त्या दिवशी सांगितलं नाही. जीपवाल्यालाही सांगा.

थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. मागे काकू हसत होत्या.

"भेटला फोटो, पाव्हणे. माहा तं नुसता हातच आला ह्याच्यात. पण चांगला आला, मूठ कशी पक्की दिसते पाहा. जीपवाल्याले सांगतो. पुढच्या खेपेले याल तं आत बसजा."