चुलीवरच्या दोन बासऱ्या

लढाईवर जाताना माझ्या मित्राने त्याच्या वडिलांची बासरी माझ्याकडे ठेवली. वडील नाटक मंडळीत वाजवायचे. बासरी कारागिराकडून खास घडवून घेतलेली. "काळी दोन पट्टीची हाय. अब्बांची तेवढीच वस्तू ऱ्हायलीय, जप," तो म्हणाला.

मी जपली. पण शिकण्यासाठी त्याच सुराची एक बासरी जत्रेतून स्वतःसाठीही आणली. माझा अपराध तिथूनच सुरू झाला, असं मला अजून वाटतं.

बायकोने दोन्हींना तेल चोळलं आणि चुलीवर आढ्याला बांधून ठेवलं. बांबूला भुंगा लागू नये म्हणून मिरजगावात सगळेच असं करतात. लढाई संपली. मित्र संध्याकाळच्या मोटारीने येतोय असा निरोप आला, तेव्हा मी बासऱ्या खाली काढल्या. दोन्ही सारख्याच काळ्याकुळकुळीत.

"यातली जुनी कुठली?"

"दोन्ही जुन्याच दिसतायत की," बायको समाधानाने म्हणाली.

मी भजनी मंडळाच्या पेटीवाल्याकडे धावलो. त्याने फुंकर मारली आणि मिशीभर काजळी घेतली. थंडीच्या त्या सकाळी दोन्ही बासऱ्या पांढरी दोनच्या जवळ बोलल्या. दुपारी उन्हाने तापल्यावर दोन्ही काळी दोनकडे चढल्या.

"बासऱ्या हायत का सरडे?" तो मिशी पुसत म्हणाला.

मग आम्ही भोकं पाहिली. एकीची सगळी एका ओळीत होती. दुसरीचं शेवटचं भोक भलतीकडेच सरकलेलं.

"हे जत्रंतलंच काम," पेटीवाल्याने निकाल दिला. मलाही पटलं. सरळ बासरी मी खणात गुंडाळली.

मित्र आला. बासरी त्याच्या हातात देताना माझे डोळे भरून आले. त्याने बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"ही कुणाची रं?"

"तुझ्या वडिलांची!"

"न्हाई. दुसरी कुठं हाय?"

बायकोने दुसरी आणली. त्याची बोटं भोकांवर बसली, आणि शेवटचं बोट अचूक त्या सरकलेल्या भोकावर. ते बोट चांगलंच आखूड होतं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"अब्बांचंबी असंच. कारागिरानं त्यांचा हात धरून भोक पाडलं हुतं."

"अरे, मी तुला जत्रेतली देत होतो! मला माफ कर. तुझ्या वडिलांची शेवटची वस्तू, आणि मी..."

"वहिनी," तो म्हणाला, "ह्याला आधी जेवाय वाढा. न्हाईतर माफी मागून मागून माझी रातची परतीची मोटार चुकवंल."

मी मान खाली घालून जेवायला बसलो. तो अंगणात वाजवत होता. सूर फार कच्चे होते. वडिलांची बासरी होती, वडिलांचं बोट होतं. वडिलांची फुंकर तेवढी त्याच्याकडे नव्हती. पण तो थांबेना, आणि दुसरी भाकरी घ्यायला मलाही उठवेना.