पान उलटं नाई झालं पाह्यजे

शिंगाड्याचं पान वरून हिरवं, पोटाकडून लाल. वाऱ्याच्या लाटेवर ते नुसतं डोलतं. मोटारबोटीची लाट आली की पालथं होतं. सेलूजवळच्या त्या तलावात ट्रकच्या ट्यूबवर पोट टेकून शिंगाडे तोडणारी सखू ती लाली दिसली की पाण्यात रोवलेला बांबू गच्च धरायची. मागच्या दिवाळीत अशाच लाटेनं ट्यूब उलटली होती, पायाला वेल गुंडाळले होते, अन् नवऱ्यानं, पुनाजीनं, केसाला धरून तिला वर ओढलं होतं.

ग्रामसभेत बोटींच्या गतीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "किलोमीटर मले नाई समजत. पान उलटं नाई झालं पाह्यजे, बस!"

बोटींचा ठेकेदार भैयाजी खदखदून हसला. "आता पानाले इचारून बोट चालवू का वं?"

गावातल्याच तरण्या अंकुशनं मात्र तेच वाक्य धरलं अन् ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भैयाजीविरुद्ध उभा राहिला. भैयाजी आला तर आणखी चार बोटी येणार होत्या.

आज मतमोजणी. पुनाजी तलावाच्या पाळीवर, कानाला फोन. सखू पाण्यात, एक हात रोवलेल्या बांबूवर. गावात फटाके फुटले. कोणाचे?

पुनाजीनं दुपट्टा फिरवला. "सखे वं! अंकुश आला निवडून!"

सखूनं बांबू सोडला. दोन्ही हातांनी डोळे पुसले.

तेवढ्यात इंजिन गरजलं. बोटींच्या घाटाकडून पानं लाल होत होत सरळ तिच्याकडे येऊ लागली. 'भैयाजी! हरला, म्हणून मले बुडवाले आला!' ती बांबूकडे झेपावली. बांबू हाताला लागेना. लागला, तोच ट्यूब उभी झाली, नाकातोंडात पाणी गेलं, पायाला वेल लागला.

"काकू, जितलो ना!"

बोटीच्या टोकावर गुलालानं माखलेला अंकुश हात उंचावून उभा होता. बोट थांबली.

"काऊन घाबरता काकू? आता आपलंच राज हाये."

सखूनं एका हातानं बांबू कवटाळला. दुसरा हात तिनं नुसता त्याच्या मागच्या पाण्याकडे केला. घाटापासून तिच्या ट्यूबपर्यंत पानांचा लाल पट्टा पसरला होता.

अंकुशचा हात खाली आला. चालकानं इंजिन सुरू करायला चावीला हात घातला.

"थांब," अंकुश म्हणाला. "वल्हं दे."

बोट हळूहळू मागं सरकली. एकही पान उलटलं नाही. तरी सखूनं बांबू काही सोडला नाही.