लीगमधले पिचर संपले तेव्हा

दुपारी आमच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. भंडाऱ्याच्या मोठ्या बाजारात माझ्या सासरचं साड्यांचं दुकान आहे. सासरे असताना मागच्या खोलीत माग चालायचे. आता बाहेरून माल येतो आणि आम्ही विकतो. नवरा जेवून आडवा होतो, मी गल्ल्यावर बसते. बसते म्हणजे काय, उठते, घड्या सरळ करते, पुन्हा बसते, दाराशी जाऊन रस्ता बघते. मला एका जागी बसवत नाही. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला कोणीतरी गोखरू बांधलेत.

अशाच एका दुपारी मला मोबाइलवर तो खेळ सापडला होता. बेसबॉलचा, पण बोटांनी खेळायचा नाही. आपण फक्त संघ बांधायचा. प्रत्येक खेळाडूला आकडे दिलेले असतात: वेग किती, ताकद किती, नेम किती, दमसास किती, सबुरी किती. त्या आकड्यांवरून कॉम्प्युटर रोज एक सामना खेळवतो. आपल्याकडे सकाळी दुकान उघडायच्या वेळेला निकाल येतो, ओळीओळीने लिहिलेला. चित्र नाही, आवाज नाही. लीगमध्ये जगभरातले लोक होते, हिंदुस्थानातली मी एकटीच. नवरा म्हणायचा, हा कसला खेळ, यात तर हिशोबच आहे सगळा. पण सकाळी शटर वर करताना हळूच विचारायचा, काल काय झालं.

मी खरा बेसबॉल खेळलेली आहे. माझे वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. तिथल्या शाळेच्या पी.टी.च्या सरांनी मुलींचा संघ काढला, तेव्हा बेस म्हणजे धावणारीने गाठायचे टप्पे, हेही आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. मी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहणारी. आणि चेंडू फेकणारी, आमची पिचर, ही मूळची आसगावची. शिकायला मामाकडे क्वार्टरमध्ये राहायची. डावरी होती. तिचा चेंडू सुटला की कॅचरच्या ग्लोव्हात असा आवाज व्हायचा की फॅक्टरीच्या बसची वाट बघणारे लोक मान वळवायचे.

तर त्या वर्षी लीगमधले पिचर संपले. सभासद वाढत गेले, प्रत्येकाने चांगले खेळाडू उचलले, आणि सामायिक साठ्यात उरले ते असे की त्यांच्या हातून चेंडू सरळ जायचा नाही. सामन्यांत खंडीभर धावा व्हायला लागल्या. लोक कंटाळून सोडून जायला लागले. लीग चालवणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, सातासमुद्रापलीकडचे. त्यांनी सगळ्यांना लिहिलं की साठा वाढवायचा आहे. प्रत्येक सभासदाने आपापल्या भागातले खेळाडू सुचवावेत. खरीखुरी माणसं असली तरी चालतील, पण त्यांची परवानगी हवी आणि आकडे प्रामाणिक हवेत.

मी ते वाचलं आणि उभीच राहिले. दुपारभर बसलेच नाही. मी त्यांना विचारलं की बाई चालेल का. त्यावर सभासदांत बराच वाद झाला. एकाने लिहिलं की ताकदीचं काय. दुसऱ्याने लिहिलं की आकडे आहेत ना ताकदीचे, ते कमी लिहा. शेवटी चालकांनी निकाल दिला: कॉम्प्युटर आकडे बघतो, बाकी काही बघत नाही.

आमच्या त्या पिचरची आणि माझी भेट लग्नांनंतर तुटल्यासारखीच होती. ती करडी गावाला दिलेली, हे ठाऊक होतं. फोन करून विचारता आलं असतं. पण मला निघायला निमित्तच हवं होतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दुकान सांभाळायला सांगून मी एसटीत बसले.

धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, नुकताच आटोपला होता. तिचं घर बोडीच्या, म्हणजे गावातल्या छोट्या तलावाच्या, अंगाला होतं. ओसरीत तिच्या सासूबाई बसल्या होत्या. माझी पर्स बघून त्यांना वाटलं विम्यावाली आली, आणि त्यांनी आधीच सांगून टाकलं की आमच्याकडे सगळ्यांचा झाला आहे. मग ती धानाच्या बांधीतून आली, पाय चिखलाने भरलेले. हौदावर जाऊन पाय धुतले, पदराने तोंड पुसलं, मग म्हणाली, "जाड झाली तू." मी म्हटलं, "तू नाही झाली." एवढ्यावर मधली सगळी वर्षं आटोपली.

चहा घेताना मी तिला खेळ समजावला. बराच वेळ लागला. तिचा मुख्य प्रश्न हा होता की मी इथे आणि चेंडू फेकणार कोण. मी सांगितलं, तुझे आकडे फेकतील. मोबाइल काढून मी तिचा वेग विचारला, आणि ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं की शंभरातले नव्वद लिहिते.

"कायचे नव्वद?" ती म्हणाली. "माया हात कानाच्या वर जात नाही. रोवण्यात खांदा गेला."

मी म्हटलं, आताचं नाही, तेव्हाचं लिहायचं. शाळेतलं.

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तेव्हाची मी तुले आवडत होती, म्हणून तिले नेऊन राहिली का? आता मी हावो ना इथं. मले न्यायचं तं अशीच ने."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढ्या लांब मी त्या नव्वदसाठी आले होते. तो ग्लोव्हातला आवाज मला पुन्हा ऐकायचा होता, अक्षरांत का होईना. मी उठून ओसरीत येरझारा घालायला लागले. सासूबाई म्हणाल्या, बस वं बाई, जमीन काही पळून नाही चालली. ती मात्र शांतपणे एकेक आकडा सांगत गेली. वेग पस्तीस. ताकद चाळीस. नेम? नेम तिने ऐंशी सांगितला; म्हणाली, अजूनही पाखरं उठवायला ढेकूळ मारते तं जिथं मारायचं तिथंच जाते, खालून फेकते म्हणून काय झालं. दमसासापाशी तिचंही अडलं. दिवसभर वाकून रोवणा करणारीचा दमसास किती लिहायचा, हे मलाही कळेना. तिनेच म्हटलं, "पंच्याण्णव लिही. शंभर लिहिलं तं त्यायले खोटं वाटन."

तिने सांगितलं तसंच मी लिहिलं आणि पाठवलं.

मी एक गोष्ट नीट वाचली नव्हती. नवे खेळाडू सुचवणाऱ्याला मिळणार नव्हते. ते सगळे साठ्यात जाणार, आणि तिथून ज्याचा क्रम आधी येईल तो उचलणार. ज्या सकाळी निवड झाली, त्या सकाळी मी शटर अर्ध्यावर ठेवून यादी बघत होते. माझा क्रम यायच्या आधीच तिचं नाव दुसऱ्या संघापुढे लागलं. तो संघ एका अशा माणसाचा, ज्याच्या गावात वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतो. त्याने सगळ्या वेगवान पिचरना सोडून हिला घेतलं होतं.

मी त्याला लिहिलं. माझ्या संघातला हवा तो खेळाडू घे, दोन घे, पण ही मला दे. त्याने अगदी नम्रपणे उत्तर दिलं की मला असाच दमसास हवा होता, क्षमा करा. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. दोन-तीन दिवस मी दुकानात कोणाशी धड बोलले नाही. नवरा म्हणाला, अगं, ती करडीतच आहे, कुठे गेली नाही. त्याचं बरोबर होतं आणि मला ते पटत नव्हतं.

तिला सांगायचं कसं, हा प्रश्न होताच. मी भीत भीत फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दुसऱ्याच्या घरी दिलं मले," ती म्हणाली. "माहीत हाय मले ते. नवीन नाही. माणूस कसा हाय?"

मी म्हटलं, सभ्य वाटतो.

"फेकू देते का शेवटपर्यंत? का थकली म्हणून मधातच काढते?"

मला माहीत नव्हतं. तेव्हापासून ते बघणं माझं काम झालं. ती ज्या दिवशी खेळायची त्या सकाळी मी आधी तिच्या संघाचा निकाल उघडायची, मग माझा. तिच्या चेंडूला वेग नव्हता, त्यामुळे लोक मारायचे, पण चेंडू सरळ क्षेत्ररक्षकांच्या हातात जायचा. इतर पिचर सामन्याच्या मध्यावर ढेपाळायचे, आणि हिच्या नावापुढे मात्र डावामागून डाव लागत जायचे. तो माणूस तिला काढत नव्हता. मी फोनवर वाचून दाखवायची. पलीकडून कधी भांड्यांचा आवाज यायचा, कधी निंदणाऱ्या बायांचा. एकदा तिने सगळ्यांना गप्प करून तो निकाल ऐकवला. त्यातल्या एकीने विचारलं म्हणे, तिकडे जेवायला देतात का.

मग तिच्या संघाची आणि माझ्या संघाची गाठ पडली. तिने मला सहज हरवलं. माझे फलंदाज पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवायचे. ते मीच निवडलेले. मला थांबणारी माणसं कधी आवडली नाहीत. फोनवर निकाल सांगितला तर ती हसली नाही, आनंदही दाखवला नाही. म्हणाली, "तू काहून नाही वं त्या खेळात?"

मी म्हटलं, मी आहे की, माझा संघ आहे.

"संघ नाही. तू. मी हावो तशी."

मी टाळलं. खरं म्हणजे मी प्रयत्न केला होता. साठा वाढवायचं ठरलं त्याच आठवड्यात मी माझं नाव लिहून आकड्यांपाशी अडकले होते. शाळेतली मी लिहावी तर ती आता कुठे आहे, आणि आताची मी लिहावी तर तिला काय येतं, हे मला सांगता येईना. साड्यांच्या घड्या घालते, याला कोणता आकडा? लिहायचं, खोडायचं, उठायचं, पाणी प्यायचं. शेवटी सोडून दिलं.

ते तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लिही मंग. मी सांगतो." आणि माझ्या हातात पेनही नसताना तिने सुरुवात केली. पाय सत्तर, जाड झाली तरी. हात पासष्ट. ताकद तीस. "आता सबुरी लिही. वीस." मी म्हटलं वीस फार कमी आहेत.

"बॉल सुटायच्या आधीच तू जागा सोडत होती," ती म्हणाली. "मले मागचं दिसत नव्हतं, पण कॅचरचे डोळे दिसत होते ना. दरवेळी तुयाकडं पाहे ते. पण एक सांगू? निम्म्या वेळा तू जिथं धावत होती, बॉल तिथंच येत होता. ते कशात लिहितेत?"

त्याला रकाना नव्हता. मी बाकीचं तसंच्या तसं पाठवलं.

पुढची निवड झाली आणि मला कोणी घेतलं नाही. चांगले खेळाडू गेले, मधले गेले, मी साठ्यात राहिले. माझ्या संघात मला घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती, पण माझं बोट तिकडे गेलं नाही. रोज सकाळी यादीत माझं नाव बघायचं, ते तिथेच असायचं, आणि दिवसभर काहीतरी टोचत राहायचं. गिऱ्हाइकाने निळी मागितली तर मी हिरवी काढायची. नवऱ्याने एकदा मोबाइल हातातून घेऊन गल्ल्यावर पालथा ठेवला आणि म्हणाला, चल, चहा पिऊन येऊ, दुकान राहील थोडा वेळ. आम्ही टपरीवर उभं राहून चहा प्यालो. मी त्याला विचारलं, तू संघ बांधला असता तर मला घेतलं असतं का. तो विचार करून म्हणाला, सबुरी वीस असेल तर नसतं घेतलं. पण तुला बघायला आलो तेव्हा मला आकडे कोणी दाखवलेच नव्हते. मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

तळाच्या एका संघाचा शॉर्टस्टॉप जायबंदी झाला, तेव्हा मला घेतलं गेलं. संघ कोणाचा, मला माहीतही नव्हतं. पहिल्या सामन्याचा निकाल मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून वाचला. दोन वेळा हातात आलेला चेंडू नीट फेकला होता. एकदा बॅटीला चेंडू लागून पहिल्या बेसवर पोचले होते. आणि पुढची ओळ: दुसरा बेस चोरताना बाद. म्हणजे कोणी चेंडू मारायच्या आधीच मी पुढच्या बेसकडे धाव घेतली होती.

मी करडीला फोन लावला. तिच्याकडे धान कापणी सुरू होती, आवाजावर आवाज येत होता. मी ती ओळ वाचली. ती म्हणाली, थांबली असती तं, आणि वाक्य तिथेच सोडून कोणाला तरी पेंढ्या उचलायला सांगायला गेली. फोन सुरूच राहिला. मी ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने ती परत आली आणि विचारलं, उद्या खेळवतेत का तुले.

मी बघून सांगते म्हटलं. गिऱ्हाईक आलं होतं, नवरा आतून हाक मारत होता. दुसऱ्या दिवशीची यादी लागायला अजून अवकाश होता, तरी मी पायरीवरून आत जाताना एकदा उघडून बघितली, आणि शालू दाखवताना आणखी एकदा. संध्याकाळी ती लागली. माझं नाव होतं, वर, सगळ्यात आधी मारायला येणाऱ्यांत.