वाचवलेलं एक विमान

हसायच्या आधी चहाचा कप खाली ठेवा, कारण मी जो घोळ घातलाय ना, त्याला तोड नाही!

जर्मनीत दोन वर्षं पर्यावरण शिकून मी शिकागोजवळच्या शॉमबर्गला आईबाबांकडे परत आले, ती जग वाचवायच्या तयारीनंच. जग काही लगेच हाती लागेना. शेजारचे नंदूकाका आणि शैलाकाकू मात्र लागले!

दोघं मूळचे नागपूरचे. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच युरोपला निघाले होते. शिकागो ते व्हिएन्ना, तिथून रोम आणि रोमहून थेट घरी. परत आल्यावर लगेच रविवारी लेकीचं, मीराचं, डोहाळजेवण.

"व्हिएन्ना ते रोम विमानानं?" मी किंचाळलेच. "काका, शोभतं का तुम्हाला?"

"अगं, दीड तासाचं तर विमान आहे."

"दीड तास हवेत! आणि एअरपोर्ट गाठायचा, रांगेत उभं राहायचं, पट्टा काढायचा, परत घालायचा, त्याचं काय? अर्धा दिवस जातो! त्यापेक्षा रात्रीची ट्रेन घ्या. व्हिएन्नात झोपायचं, रोममध्ये उठायचं. धूर किती वाचतो!"

"पण तिकीट सगळं एकत्र काढलंय गं," काकू म्हणाल्या. "मधलं कॅन्सल करावं लागेल ना?"

इथे कुठलाही शहाणा माणूस फोन करून विचारतो. मी? मी छाती पुढे काढून म्हणाले, "काही करू नका. फक्त चढू नका! रिकाम्या सीटला कोण विचारतंय?"

गेले बिचारे ट्रेननं. रोमच्या स्टेशनवरून त्यांचा हसरा फोटो आला. मी तो लगेच मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बदल असा घडतो!'

शुक्रवारी सकाळी मी दात घासत होते. काकांचा फोन.

"काय गं, रिकाम्या सीटला कोण विचारतं म्हणालीस?"

"कोण?"

"इथली, रोमच्या एअरपोर्टची, काउंटरवरची बाई! म्हणते, व्हिएन्नाला तुम्ही चढलाच नाहीत, म्हणून पुढचं सगळं तिकीट आपोआप कॅन्सल. शिकागोचंही!"

मागून काकूंचा आवाज आला, "तिला विचारा, रोमहून शॉमबर्गला रात्रीची ट्रेन आहे का!"

मी तोंडातली पेस्ट गिळली.

थेट विमानात एक जागा असेल तर शपथ! लेकीची ओटी भरायला आईच नाही, असं होणार की काय? शेवटी कशीबशी तिकिटं मिळाली. रोम ते लिस्बन, लिस्बन ते बॉस्टन, बॉस्टन ते शिकागो. म्हणजे एक विमान वाचवायला मी दोन वाढवली. आणि ते वाचवलेलं? ते तर त्या दिवशी उडालंच की, दोन सीट रिकाम्या घेऊन!

रविवारी मी, गाडी न वापरणारी मी, बाबांची रणगाड्याएवढी गाडी घेऊन एअरपोर्टवर हजर. तिथून तडक हॉलवर. हिरव्या साडीतली मीरा दाराकडेच बघत बसली होती. काकूंनी स्वेटर आणि स्पोर्ट्स शूजमध्येच लेकीची ओटी भरली. दोघी रडल्या. मीही रडले, पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

मग काकांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, पुढच्या वेळी निसर्ग वाचवायचा असला ना, तर आधीच सांग. आम्ही घरीच बसू!"

सगळा हॉल हसला. आणि मी, काय सांगू, डोळे चमकवत अगदी मनापासून विचारलं, "खरंच काका? तोच तर सगळ्यात उत्तम उपाय आहे!"