रंगपटातली धावपटू

गेल्या डिसेंबरात, एका शनिवारी सकाळी, डोंबिवली पश्चिमेतल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या भाचीने नुकताच केलेला मेकअप नळाखाली धुवायला घेतला. तो निघाला नाही. तिचं नाव पुकारायला थोडाच वेळ उरला होता.

भाची चौथीत आहे, कोपरला राहते. स्पर्धा अशी होती: वाचलेल्या पुस्तकातल्या व्यक्तीच्या वेशात रंगमंचावर यायचं आणि ती व्यक्ती होऊन दोन मिनिटं बोलायचं. तिने निवडलेलं पुस्तक मी नौपाड्यातल्या दुकानातून तिच्या वाढदिवसाला आणलं होतं. मुलांसाठी लिहिलेलं, एका कृष्णवर्णीय धावपटू बाईंचं चरित्र. त्यांच्या गावातल्या मैदानावर फक्त गोऱ्या मुलांना सराव करता येई. या बाई मैदानाच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर धावत. पुढे त्याच मैदानावर गोऱ्या धावपटूंना हरवून त्या पहिल्या आल्या.

वेश सोपा होता. हाफ पँट, बनियन, छातीला पिनांनी लावलेला कापडी नंबर, शाळेचेच बूट.

एका वर्गाचा रंगपट केला होता. मेकअपवाले काका रांगेतल्या प्रत्येक मुलाला डोळे मिटायला सांगत आणि एकाच डबीतला गुलाबी-पांढरा रंग फासत. मावळे, पऱ्या, भाजीवाली, सगळे एकाच रंगाचे होऊन बाहेर पडत होते. भाचीचा नंबर आला, झाला. तिने आरशात पाहिलं.

"काका, मी गोरी झाले."

"मग? छानच दिसतेस की!"

"पण मी काळी आहे. म्हणजे ती. म्हणजे आम्ही दोघी."

"आधी सांगायचं ना, बाळा! थांब, काळा देतो. राक्षसाचा उरलाय."

शेजारी नाटिकेतला राक्षस बसला होता. तो तिच्याच वर्गातला. "लाव ना, मस्त दिसतं," तो म्हणाला. "फक्त खाज सुटते."

"मला नकोय राक्षसाचा. मला माझा पाहिजे," असं म्हणून ती बाहेर नळावर गेली. आम्ही मागोमाग गेलो. माझी बहीण, म्हणजे तिची आई, घड्याळ बघत होती.

"अगं, राहू दे आता. लाईटमध्ये चेहरा उठून दिसावा म्हणून लावतात सगळ्यांना."

"आई, मी गोरी असते तर मला पहिल्याच दिवशी मैदानात घेतलं असतं ना! मग गोष्टच संपली. दोन मिनिटं काय बोलू?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मुद्दा बरोबर आहे."

"तू गप रे. पुस्तक तूच आणलंयस."

भाची तोंड चोळत होती. रंग जागोजागी फिका झाला, गेला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत कोणाच्या तरी नावाला टाळ्या पडल्या. पुढचं नाव तिचं होतं.

मेकअपवाले काका खोबरेल तेलाची बाटली आणि नॅपकिन घेऊन बाहेर आले. "पाण्याने जायचा नाही तो. इकडे बघ. डोळे मीट." त्यांनी तेल लावून चेहरा खसाखसा पुसला. बहिणीने केस मागे धरले. माइकवर तिचं नाव आलं, तशी ती तिथूनच पळत सुटली आणि थेट रंगमंचावर जाऊन थांबली.

उरलेलं तेल पुसून काढायला वेळ मिळाला नव्हता. दिव्यांखाली तिचा चेहरा चकाकत होता, शेवटच्या रांगेतूनही दिसत होता. कुंपणाचा भाग सांगताना ती धावून दाखवत होती, त्यात एक पिन सुटून नंबर लोंबकळला. तिने तो हाताने धरला आणि पुढे बोलत राहिली.

परीक्षक बाईंनी विचारलं, "तू यांनाच का निवडलंस?"

"बाकीच्यांत नुसतं बोलावं लागतं. हिच्यात मध्ये मध्ये पळायला मिळतं."

सभागृह हसलं. परीक्षक बाईही हसल्या.

तिला दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस घेतानाच्या फोटोत तिच्या डाव्या कानाखाली गुलाबी-पांढरा पट्टा आहे. बाकी चेहरा तिचा आहे.