अर्ध्या मांडीवर केळीचं पान

माझा उजवा हात आज जे काही करतो, ते लातूरच्या सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टर मॅडममुळं करतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण लिहिता लिहिता माझं मन भलतीकडं जातं आणि महत्त्वाचं तेच राहून जातं. मॅडमचं नाव मला पाठ आहे, पण लिहिणार नाही. त्यांच्या संशोधनाच्या कागदात माझंही नाव नाही, नुसता नंबर आहे. पेशंटचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नसतं, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. मग त्यांचं तरी मी कशाला जाऊ देऊ?

मी भोकर तालुक्यातली. सातवीनंतर शाळा सुटली, कापूस वेचायला लागले, मग लग्न झालं, मग ते मोडलं. लेक आईजवळ गावाकडं ठेवली आणि मी लातूरला आले. इथं गावोगावची पोरं डॉक्टर व्हायच्या क्लासला येतात, त्यामुळं गल्लोगल्ली मेस आहेत. त्यातल्या एका मेसमध्ये मी स्वयंपाकाला लागले. मेसवाल्या काकूंनी मागची खोली राहायला दिली. ओळखीचं कोणी नव्हतं, पण काम हातात बसलेलं होतं. पोरं म्हणायची, "ताई, सुट्टीत घरी गेलो तरी तुमची भाकरी आठवती." लेकीची शाळा, आईचं औषध, माझं पोट, सगळं त्या एका हातावर चाललेलं.

एका सकाळी उकळत्या वरणाचं पातेलं भट्टीवरून उतरवताना फडकं सटकलं. वरण उजव्या हाताच्या पाठीवर आलं, मनगटापासून बोटांपर्यंत. पाणी असतं तर वाहून गेलं असतं. डाळ चिकटून बसते. काकूंनी हात नळाखाली धरला, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात आणलं.

भाजलेली बाई आली की पोलीस जबाब घेतात. हवालदारानं काकूंना बाहेर पाठवलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोणी जाळलं? न भिता सांगा."

"डाळीनं, साहेब."

त्यानं कागद पुढं ओढला. मग पेन उघडत म्हणाला, "तुरीच्या?"

"हाव."

तेवढ्या दुखण्यातही मला हसू आलं होतं, हे आठवतं.

मोठे सर राउंडला आले आणि म्हणाले, हाताच्या पाठीची कातडी गेली, मांडीची काढून लावावी लागेल. मी विचारलं, "भाकरी थापता येईल का?" पण सर पुढच्या खाटेवर गेले होते. मागं राहिल्या त्या मॅडम. वयानं माझ्याहून लहानच, पुण्याकडच्या, इथं पुढचं शिकायला आलेल्या. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं. त्या म्हणाल्या, "ताई, आत्ताच सांगता येत नाही. आपण प्रयत्न करू." मला धस्स झालं. डॉक्टरला माहीत नसेल तर कोणाला माहीत असणार?

ऑपरेशनच्या चार दिवस आधी त्या स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. मांडीवरची कातडी काढली की तिथं नवी जखम होते, त्यांनी समजावलं. तिच्यावर मलमाची जाळीदार पट्टी लावतात. ती चिकटते आणि काढताना फार दुखतं. "केळीच्या पानाची पट्टी कमी चिकटते का, कमी दुखते का, हे आम्ही बघतोय. पान धुऊन कापडावर चिकटवायचं आणि वाफेच्या यंत्रात पूर्ण निर्जंतुक करायचं. तुमच्या एकाच मांडीवर अर्ध्या जखमेला पान, अर्ध्या जखमेला नेहमीची पट्टी. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. हाताचं ऑपरेशन तसंच होईल, काळजी तशीच घेतली जाईल."

शेजारच्या खाटेवर एक मावशी सुनेजवळ बसलेल्या असायच्या. मॅडम गेल्यावर त्या सुपारी कातरत म्हणाल्या, "सायबाच्या पोरीला मलम, आन् आपल्याला पाला. तू शेळी हायस का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. माझा मोठा भाऊ अर्धापूरला केळीच्या गाड्या भरतो. पानाचं ऐकून तो भडकलाच. "तिकडं मी दिवसभर तीच पानं पायाखाली तुडवून राहिलो, आन् हितं माझ्या बहिणीच्या अंगाला तीच लावायची? न्हाई म्हण. न्हाई तर चल नांदेडला, खाजगीत दाखवू."

मॅडम आल्या तर तो त्यांनाही म्हणाला, "आधी तुमच्या अंगाला लावा की पान."

मला वाटलं, आता ह्या चिडणार. पण त्या म्हणाल्या, "लावलं होतं दादा. दिवसभर हाताला बांधून हिंडले. पण मला जखमच नव्हती, त्यामुळं त्यातून काही कळलं नाही."

दादानं त्यांच्या हाताकडं बघितलं. तो नुसता "हां" म्हणाला.

पण मला भीती वाटतच होती. मी खाली बघत म्हणाले, "मॅडम, मला नको." त्या म्हणाल्या, "बरं," आणि संमतीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

मग माझी फिकीर सुरू झाली. आता माझी खाट व्हरांड्यात जाईल. सुई चुकेल. हाक मारली तर कोणी येणार नाही. आजवर ज्या ज्या मोठ्या माणसाला मी नाही म्हटलं, त्यानं ते लक्षात ठेवलेलं होतं. सासरचा अनुभव तर नकोच सांगायला. सकाळी मॅडम पट्टी बदलायला आल्या तेव्हा मी त्यांच्या हाताकडं न बघता तोंडाकडं बघत होते. राग कुठं दिसतोय का, हे शोधत होते. दिसला नाही. तेच कोमट पाणी, तेच सावकाश सोडवणं, तेच "दुखलं तर सांगा ताई."

त्या उठायला लागल्या तेव्हा मीच म्हणाले, "मॅडम, लावा पान."

"का? काल तर नको होतं."

"तुम्ही रागावला न्हाईत म्हणून."

"मी रागावले नाही, हे काही कारण झालं नाही," असं म्हणून त्या परत बसल्या. परत सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. कधीही मधूनच थांबता येईल, हेही सांगितलं. मला सही येते, पण उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मला लाज वाटली. "मॅडम, मला सही येती हां." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तसं लिहिलंय मी."

दादा एसटीला निघताना दारातून म्हणाला, "लावायचंच आसंल तर पान अर्धापूरचं लावा. दुसरीकडच्या पानाचा भरवसा न्हाई."

ऑपरेशन झालं. हातापेक्षा मांडी जास्त दुखली, हे खरं. मग मांडीच्या पट्ट्या काढायचा दिवस आला. मॅडमनी एक कागद समोर धरला. त्यावर हसऱ्या तोंडापासून रडक्या तोंडापर्यंत चेहरे काढलेले, खाली शून्य ते दहा आकडे. दुखणं किती, ते त्यात सांगायचं. आधी जाळीची पट्टी भिजवून काढली. मी पदर दातात धरला आणि म्हणाले, "आठ." मग पान. भाकरी तव्यावरून सुटावी तसं ते बहुतेक सगळीकडून सुटून आलं. पण एका कडेला वळून, वाळून जखमेत बसलं होतं. तिथं ओढलं तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली.

"आणि हे किती?"

मी मॅडमच्या तोंडाकडं बघितलं. ह्या कागदांसाठी ही पोरगी जेवण सोडून वॉर्डावॉर्डात पळताना मी बघत होते. हिनं माझं इतकं केलं. माझ्याजवळ हिला द्यायला दुसरं काय होतं?

"काहीच न्हाई मॅडम. शून्य."

त्यांनी लिहिलं नाही. पेन तसंच धरून म्हणाल्या, "ताई, तुमच्या पायाची बोटं वळली होती."

मी पायाची बोटं सरळ केली.

"मला खूश करू नका. तुम्ही शून्य म्हणालात आणि मी शून्य लिहिलं, तर पुढच्या बाईला मी सांगणार की हे दुखत नाही. आणि तिला दुखेल. मग ती काय म्हणेल मला?"

मला मावशींची सून दिसली. तिचंही कातडी काढायचं ऑपरेशन व्हायचं होतं.

"कडेला लई दुखलं," मी म्हणाले. "बाकीकडं कमी. पण कडेला त्या जाळीएवढंच."

त्यांचं तोंड क्षणभर उतरलं. मी बघितलं ते. मग जसं मी सांगितलं तसंच त्यांनी लिहिलं. कुठली कड, ती बोटानं दाखवायला लावली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "कापताना कड वळते का, बघायला पाहिजे."

त्या गेल्यावर मावशी म्हणाल्या, "येडी का खुळी गं तू? शून्य म्हणली आसती तर तुझं काय जाणार होतं?"

"तुमच्या सुनेचं गेलं असतं," मी म्हणाले. मावशींनी अडकित्ता पिशवीत टाकला.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मला आयुष्यभर एकच उत्तर येत होतं, बरंय. सासूनं विचारलं, बरंय. आईनं फोनवर विचारलं, बरंय. आणि हाताचंही मी तेच चालवलं होतं. कातडी धरली होती, सगळे खूश होते. मूठ वळवून दाखवा म्हटलं की मी डाव्या हातानं उजवा झाकून घ्यायची आणि म्हणायची, वळतीय, बरंय. खरं म्हणजे करंगळी आणि तिच्याजवळचं बोट, दोन्ही खाली येतच नव्हती. वाटायचं, सांगितलं तर मोठे सर म्हणतील ऑपरेशन फसलं, आणि माझ्यापायी मॅडमना बोलणी बसतील. मूठ वळली नाही तर कणीक कशी मळणार, हा विचार आला की मी तोंडावर पदर घेऊन पडून राहायची.

संध्याकाळी मॅडम दिसल्या तशी मी हाक मारली. "मॅडम, शून्यावाणी आणिक एक गोष्ट हाय." आणि हात उघडा करून पुढं धरला.

त्यांनी एकेक बोट धरून हळूच खाली दाबून बघितलं.  त्या रागावल्या नाहीत असं म्हणणार नाही, थोड्या रागावल्याच. "रोज विचारत होते ना मी?" मग लगेच म्हणाल्या, "पण आज सांगितलं ते बरं झालं. अजून वेळ गेलेली नाही. महिन्यानं सांगितलं असतं तर परत कापावं लागलं असतं."

त्याच आठवड्यात बोटं खाली वळवून ठेवणारी नवी प्लास्टरची पट्टी करून घेतली. व्यायाम शिकवणाऱ्यांकडं त्या स्वतः मला घेऊन गेल्या. आणि रोज राउंड झाला की येऊन बोटं धरून बसायच्या. एकेक बोट, सावकाश, आता किती दुखतंय, खरं सांगा. माझ्या मांडीचा कागद केव्हाच पूर्ण झाला होता. हात तर त्यांच्या संशोधनात नव्हताच. तरी यायच्या.

एकदा त्या म्हणाल्या, चेंडू दाबण्यापेक्षा तुमच्या सवयीचं काहीतरी पाहिजे. काकूंनी डब्यातून कणकेचा गोळा पाठवला. मी खाटेवर बसून तो दाबायची, वळायची, परत दाबायची. सगळा वॉर्ड हसायला लागला. मावशी विचारायच्या, "पोळ्या कवा वाढतीस? माझी सून उपाशी हाय." मॅडमनीही गोळा हातात घेऊन बघितला. म्हणाल्या, "मला भाकरी येतच नाही. कडा फाटतात. आई म्हणते, तुझ्या हातात चाकू द्यावा, पीठ देऊ नये."

मी आता परत मेसमध्ये आहे. हाताच्या पाठीचा रंग वेगळा दिसतो, थंडीत कातडी ताणते, करंगळी अजून थोडी लांबच राहते. पण मूठ वळते. पहिल्या दिवशी केलेल्या भाकरीच्या कडा फाटल्या होत्या. पोरांनी मुकाट खाल्ल्या, त्यावरूनच मला कळलं. हळूहळू त्यांची बडबड सुरू झाली. लेक फोनवर विचारते, हात दुखतो का, तेव्हा दुखत असेल तर दुखतो म्हणून सांगते.

तपासणीला गेले तेव्हा मॅडमना विचारलं, "जिंकलं का पान?" त्या हसल्या. "अजून सांगता येत नाही ताई. बरेच पेशंट बघायचे राहिलेत." ह्या वेळी मला धस्स झालं नाही. त्यांचं इथलं शिक्षण संपत आलंय, मग त्या जातील. कुठं जाणार, हेही त्यांना अजून सांगता येत नाही.

पण मी त्यांना शोधून काढणार आहे. पुण्याला असोत की आणखी कुठं, ज्वारीचं पीठ घेऊन एक दिवस मी त्यांच्या दारात उभी राहीन. त्यांना परातीपुढं बसवीन, त्यांनी माझी धरली तशी त्यांची बोटं एकेक धरीन आणि भाकरी थापायला शिकवीन. आणि त्यांची पहिली भाकरी फाटली तर बरंय म्हणणार नाही. फाटली मॅडम, असंच सांगीन, आणि दुसरा गोळा हातात देईन.